मलम डब्यानं द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मी नागोठण्याची. माझ्या लेकीला पाळण्यात असल्यापासून इसब आहे. त्यामुळे या विषयातलं वाचणं, विचारणं, डॉक्टरांना भंडावून सोडणं ओघानंच आलं. आपल्याकडे एकच मागणं आहे. ज्यांची कातडी कोरडी, हळवी किंवा इसबाची आहे त्यांना अंगाला लावायचं साधं, बिनवासाचं मलम प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध म्हणून मिळावं, आणि महिनाभर पुरेल एवढं मिळावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. तो निर्णय गोरगरिबांच्या फार उपयोगी पडला आहे. त्यात हे मलम ठळकपणे बसावं.

अंबा नदीच्या काठी, पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या गावात कातडी कोरडी कशी पडते, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. हवेतला दमटपणा इसबाला पुरत नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर पाणी आत धरून ठेवतो. तो थर घडवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन काहींच्या अंगात जन्मतःच कमी बनतं. इसबाशी असलेलं त्याचं नातं २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. थर विरळ पडला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग खाज सुटते, आणि खाजवून कातडी आणखी फाटते. पावसाळ्यात ती घामानं चुरचुरते, थंडीत भेगाळते.

जन्मजात इसब नसलेल्यांचे हातही पाहा. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत माणसांचे हात दिवसदिवस शाडूत नाहीतर प्लास्टरमध्ये असतात, आणि दोन्ही सुकताना कातडीतली ओल ओढून घेतात. बर्फातली मासळी निवडणाऱ्या कोळणी, चार घरची भांडी घासणाऱ्या बाया, वीटभट्टीवर माती कालवणारी कातकरी जोडपी, या सगळ्यांच्या बोटांच्या पेरांवर चिरा असतात. ती दवाखान्याची गोष्ट आहे असं त्यांच्या मनातही येत नाही.

याचं एक कारण असं की मॉइश्चरायझर ही चैनीची वस्तू समजली जाते. करही तसाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टाल्कम पावडर आणि केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. अंगाला लावायचं लोशन मात्र १८ टक्क्यांवरच राहिलं. म्हणजे जो साबण या कातडीला आणखी कोरडी करतो तो स्वस्त, आणि तिला सावरणारी वस्तू महाग. दर ठरवणं आपल्या हातात नाही, हे मी जाणते. पण जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज आहे, आणि आरोग्य मंत्र्यांनी हा मुद्दा तिथवर पोचवला तर त्याला वजन येईल.

दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. खाज सुटली की माणूस औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागतो. हातात येते ती पंधरा-वीस ग्रॅमची ट्यूब, जिच्यात बऱ्याचदा बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही मिसळलेलं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच ट्यूब घरभर फिरते. मुलाच्या गालाला, आजीच्या मानेला, गजकर्णालाही. गजकर्णावर असं मलम लावलं की तो वरवर फिका दिसतो आणि आतून पसरतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, थांबवलं की आग होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. नियम चांगला आहे. पण चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळू नये म्हणताना तिच्याऐवजी काय लावायचं, ते लोकांच्या हातात ठेवायला हवं.

इथे एक स्पष्ट सांगते. स्टेरॉइड हे विष नव्हे. इसब भडकलं की डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, सांगतील तिथेच, ते लावावंच लागतं. भीतीपोटी ते टाळणाऱ्या आयांची मुलं रात्र रात्र रडतात. मात्र ते भडका उतरवण्यासाठी आहे. रोज, बारा महिने लागतं ते मॉइश्चरायझर.

आता डब्यात काय असावं. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची तुलना केली, तर गुणात फरक सापडला नाही. जे मुलाला सोसतं आणि जे घरात रोज लावलं जातं, तेच चांगलं. मला या निष्कर्षाचा फार आधार वाटतो, कारण महागडी बाटली परवडत नाही म्हणून लेकराचं काही कमी पडतंय, असं वाटून झुरणारी आई त्यातून मोकळी होते. पांढरी पेट्रोलियम जेली पुरेशी आहे. तिच्यात पाणी नसतं, म्हणून ती टिकवायला रसायनंही लागत नाहीत. हळव्या कातडीला बराचसा त्रास त्या रसायनांचा आणि सुगंधाचा होऊ शकतो. पण कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये ती अंगाला चिकटते, घामोळं येतं, मुलं लावू देत नाहीत. म्हणून दोन प्रकार ठेवावेत: थंडीसाठी, रात्रीसाठी आणि हातांसाठी जेली, उन्हाळ्यासाठी आणि शाळेच्या वेळेसाठी ग्लिसरीन असलेलं हलकं क्रीम. युरिया असलेलं मलम फुटलेल्या टाचांना उत्तम, पण लहान मुलाच्या चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं.

दुकानातून घ्यायचं झालं तरी पाहायचं एवढंच: वास नसावा आणि घटकांची यादी आखूड असावी. ‘हर्बल’ लिहिलेल्या मलमातल्या वनस्पतींच्या अर्कांचीही ॲलर्जी येते. नवं काही आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावं, मग अंगभर.

घरच्या तेलांबद्दल लोक विचारतात. खोबरेल चालतं, फिलिपाइन्समध्ये २०१४ साली इसबाच्या मुलांवर शुद्ध खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं. ऑलिव्ह तेलानं मात्र कातडीचा थर कमजोर होतो, असं इंग्लंडमधल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. टाचांना लावायचं कोकमाचं तेल टाचांपुरतं ठीक. डाळीचं पीठ, साय आणि वासाचं उटणं फाटलेल्या कातडीवर नको, मग दिवाळीची पहिली आंघोळ का असेना.

प्रश्न उरतो मापाचा. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था इसबाच्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर द्यावं असं सांगते. आपल्या दमट हवेत इतकं लागणार नाही असं धरलं तरी पंधरा ग्रॅमची ट्यूब कुठे आणि हे कुठे! हातावर चिमूटभर मलम ठेवून रुग्णाला परत पाठवलं तर तो उपचार होत नाही. म्हणून मी डब्याचा आग्रह धरते आहे.

यासाठी नवी योजना आखावी लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात मुलांचे जे आजार तपासायचे आहेत, त्यांच्या यादीत खरूज आणि बुरशीबरोबर इसबही आहे. पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, इसबाचं मूल त्यांना दिसतं. त्याच भेटीत डबा हाती पडावा. कुष्ठरोग कार्यक्रमात तर बधिर पाय पाण्यात भिजवून ओल्या कातडीवर तेल किंवा व्हॅसलिन लावायला आपलेच कर्मचारी कितीतरी वर्षं शिकवत आले आहेत. कातडी ओली राखणं हा उपचार आहे, हे आपल्या विभागाला कुणी नव्यानं सांगायला नको.

डब्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत सूचना असाव्यात. आंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात. अंग घासून न पुसता टिपायचं आणि लगेच, कातडी ओलसर असतानाच लावायचं. लव ज्या दिशेला त्या दिशेला हात फिरवायचा, चोळायचं नाही. मलम स्वच्छ चमच्यानं काढायचं, नाहीतर डब्यात जंतू जातात. पिवळं पाणी येऊ लागलं किंवा ताप आला तर दवाखाना गाठायचा. आणि एक सूचना लाल अक्षरांत: मलम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, चूल आणि दिव्यापासून लांब राहा. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये हा इशारा दिला होता, आणि आमच्या वाड्यांवर तर अजून चुली पेटतात. आशाताईंनी एकदा लावून दाखवलं तर वाचता न येणाऱ्या घरांतही हे पोचेल.

सुरुवात पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपासून करून पाहावी. भात कापून झालं की कातकरी कुटुंबं लेकराबाळांसह वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. थंडीचे सगळे महिने त्यांचे भट्टीच्या धगीत आणि धुळीत जातात, दवाखाना लांब असतो. तेव्हा डबे दिवाळीच्या आधी यावेत, ही विनंती.

आपली,
नागोठण्यातली एक आई