सिलिंडरमधली हवा

फ्युएल सेलच्या कॅथोडवरच्या लेखांत आम्हाला एक वाक्य वारंवार भेटते : ‘५०० तासांत लक्षणीय ऱ्हास आढळला नाही.’ जरा हिशेब मांडू. स्थिर वीजनिर्मितीसाठीचा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल ४०,००० तास टिकावा आणि दर हजार तासांना ०.२ टक्क्यांहून फार उतरू नये, अशी साधारण अपेक्षा असते. ०.८ व्होल्टच्या सेलमध्ये ५०० तासांत ही उतरण भरते जेमतेम ०.८ मिलिव्होल्ट. भट्टीचे तापमान एक-दोन अंश इकडेतिकडे झाले, तरी आकडा एवढा हलतो. म्हणजे ऱ्हास आढळला नाही हे खरेच. तो आढळण्याची सोयच नव्हती.

त्याहून खटकते ती हवा. प्रयोगशाळेत कॅथोडला बहुधा सिलिंडरमधली कोरडी हवा मिळते आणि अंगावर प्लॅटिनमची किंवा सोन्याची जाळी. एकावर एक सेल रचलेल्या स्टॅकमध्ये मात्र शेजार क्रोमियमयुक्त पोलादाचा. त्यावरच्या क्रोमियाच्या थरातून ओल्या हवेत क्रोमियम वायुरूपाने सुटतो. वाफ दुप्पट, तर सुटणेही जवळजवळ दुप्पट. ३० अंशांच्या संपृक्त हवेत वाफ ४ टक्क्यांच्या वर असते. रत्नागिरीचा जुलै त्याच्या फार मागे नसतो.

एलएससीएफ या नेहमीच्या कॅथोड-द्रव्यातला (लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-लोह ऑक्साइड) स्ट्रॉन्शियम मुळातच अस्वस्थ. तो पृष्ठभागावर येतो, क्रोमियमला भेटतो आणि स्ट्रॉन्शियम क्रोमेट होऊन बसतो. उघडलेल्या सेलच्या काळ्या कॅथोडवर हवेच्या तोंडाशी पिवळट झाक दिसली, तर पहिला संशय त्याचाच घ्यावा. (चित्रकारांचा ‘स्ट्रॉन्शियम यलो’ तो हाच.) दुसऱ्या बाजूने तोच स्ट्रॉन्शियम इलेक्ट्रोलाइटचा झिर्कोनिया गाठतो आणि आयनांची वाट अडवणारा झिर्कोनेट तयार होतो. मधे सिरियाचा थर घालतात तो यासाठीच; पण छापून भाजलेल्या थराच्या छिद्रांतून स्ट्रॉन्शियम वाट काढतो, आणि थर घट्ट व्हावा म्हणून भाजणी १३०० अंशांपलीकडे नेली, की सिरिया-झिर्कोनिया एकमेकांत मिसळून नवाच अडथळा उभा राहतो.

लांब चाचणी अशक्य मात्र नसते. जर्मनीत यूलिशच्या संशोधन केंद्रात दोन सेलचा एक स्टॅक २००७ ते २०१९ असा, ७०० अंशांवर, लाखभर तास तापत राहिला. कॅथोड एलएससीएफचाच. प्रकल्प तीन वर्षांत गुंडाळायचे असतात, अशा दिवसांत कोणीतरी एक भट्टी अकरा वर्षे अडवू दिली, याचे आम्हाला त्या सेलइतकेच अप्रूप वाटते.

छोट्या चाचण्यांचा दोष आम्हा संपादकांचाही आहे. पहिल्या दिवशीच्या कमाल पॉवर डेन्सिटीचा आलेख ठळक छापत आलो ते आम्हीच. पुढच्या अंकापासून कॅथोडवरच्या प्रत्येक लेखात हवेतली वाफ किती, शेजारी पोलाद कोणते, त्यावर क्रोमियम अडवणारा मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा लेप होता की नाही, आणि चाचणी का थांबवली, हे आम्ही विचारू. बिघडलेल्या सेलचे लेखही पाठवा. पिवळ्या पडलेल्या कॅथोडची छायाचित्रे आम्ही रंगीत छापू.