समोर बसून बोलूया

जुलै 2025 मध्ये मिरा रोडच्या एका मिठाईच्या दुकानदाराला झालेली मारहाण राज्यभर मोबाइलवर पाहिली गेली. मराठी बोलण्यावरून वाद पेटला. 3 जुलैला व्यापारी रस्त्यावर उतरले, 8 जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला, धरपकड झाली. मिरा रोडमधल्याच आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्या दिवसांत आग लागली होती. शेजारीपाजारी एकमेकांना ‘तुम्ही लोक’ म्हणू लागले. लिहिणारे मात्र तेच चारपाच जण होते. बाकीचे गप्प होते आणि त्यांचं गप्प राहणं कुणाला दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. ग्रुपवर सर्वांत कडक लिहिणारे तिसऱ्या मजल्यावरचे व्यापारी एका मालवणी काकूंना म्हणाले, “काकू, इतकी वर्षं तुम्हीच माझ्याशी हिंदीत बोलता. मला शिकायची वेळच आली नाही.” काकू म्हणाल्या, “मग आजपासून मराठीत बोला. चुकलात तरी मी ऐकेन.” समोरच्यानं आपल्यासाठी भाषा बदलायची, ही सवलत आपण कायम घेत आलो, हे त्या गृहस्थांना काकूंच्या तोंडाकडे पाहताना कळलं. ग्रुपवरच्या ढीगभर मेसेजांनी ते कळलं नव्हतं.

म्हणून मीटिंगमध्ये सगळे समान असतात असं नाही. पुढच्या खुर्च्या फ्लॅटमालकांच्या, बायका मागे उभ्या. सासऱ्यांसमोर सून बोलत नाही. तिनं जिन्यातल्या बंद दिव्यांची तक्रार सेक्रेटरींना मोबाइलवरच कळवली होती. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही, त्याला मोबाइलचा मोठा आधार आहे. तो काढून घेऊ नये.

भाडेकरूंना मात्र ना ग्रुपवर जागा, ना मीटिंगचं बोलावणं. पहिल्या मजल्यावरची भाडेकरू बाई मला म्हणाली, “अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आमचं. आम्हाला कोण विचारणार?” पाण्याची वेळ ठरते ती तिच्याही नळाची.

आमच्या शहराचंही तसंच आहे. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय असा वाद रंगला, तेव्हा इथल्या मूळच्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचं म्हणणं कितीजणांनी ऐकलं? आपल्या टॉवरमधला कचरा त्यांच्याच उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. त्याचा वास तिथल्या घरांत शिरतो, मोबाइलच्या पडद्यावर येत नाही. तो कळायला उत्तनला जाऊन त्यांच्या ओटीवर बसावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: तक्रार मोबाइलवर घ्या, निर्णय समोर बसून करा. सहकार कायद्यानुसार सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होते. यंदा नोटीस भाडेकरूंच्या दारावरही लावा. त्यांना मत नसेल, पण ऐकून घ्यायला मताची गरज नाही. आणि सभेत पहिलं बोलणं त्यांचं होऊ द्या.