सुट्टी चार दिवसांची, गेम ५२ मिनिटांचा

दिवाळीच्या सुट्टीत मी 'स्कायरिम' खेळायला बसलो. निदान घरच्यांना तसं वाटत होतं. आई दोनदा खोलीत डोकावून गेली आणि दुसऱ्यांदा म्हणाली, "अरे, सुट्टीतही ऑफिसचंच काम करतोयस का?" तिचं काही चुकलं नव्हतं. स्क्रीनवर एका बाजूला फाइलींची लांबलचक यादी होती आणि दुसऱ्या बाजूला क्रॅश लॉग. चार दिवसांनी स्टीमवर बघितलं, तर खेळलेल्या वेळात भर पडली होती ५२ मिनिटांची. त्यातलाही निम्मा वेळ 'आता तरी सुरू होतोय का बघू' यातच गेला होता.

स्टीम फक्त गेम चालू असतानाचा वेळ मोजतं. मॉड शोधणं, ते उतरवून घेणं, त्यांचा क्रम लावणं, आयएनआय फाइलमध्ये सावल्यांचं रिझोल्यूशन कमी करणं, हे सगळं गेम बंद असताना होतं. त्याचा हिशोब कुठेच राहत नाही. त्यामुळे पीसी गेमर खेळतात जास्त की जुळवत बसतात जास्त, यावर वाद घालणारे सगळे अंदाजानेच बोलतात. मीसुद्धा. पण वेळ जातो कुठे, हे मात्र नीट सांगता येतं.

स्कायरिम आला ११ नोव्हेंबर २०११ ला. इतक्या वर्षांनी तो अजून खेळला जातो, याचं मोठं कारण म्हणजे मॉड, म्हणजेच हौशी लोकांनी बनवलेल्या फेरफाराच्या फाइली. कुणी नवीन गाव बनवतं, कुणी पाऊस सुधारतं, कुणी बेथेस्डाने तसेच ठेवलेले बग दुरुस्त करतं. एक मॉड टाकायला दोन मिनिटं पुरतात. दोनशे टाकले की कटकट सुरू होते. समजा, एका मॉडने एखाद्या खाणावळीतले दिवे बदलले आणि दुसऱ्याने तिथेच नवा नोकर ठेवला. दोघांनी एकाच नोंदीला हात लावला असेल, तर जो शेवटी लोड होतो तो जिंकतो. पहिल्याचा बदल गुपचूप गायब! ऑफिसात दोघांनी एकच ओळ बदलली तर गिट निदान ओरडून सांगतं. इथे गेम काहीच बोलत नाही. तुम्ही वीस तास खेळता, एका दाराशी जाता आणि थेट डेस्कटॉपवर येऊन पडता.

मग 'लूट' नावाच्या टूलने क्रम लावायचा, 'एक्सएडिट'मध्ये एकेक नोंद उघडून बघायची, दोन मॉडना जोडणारा छोटा पॅच करायचा. आपल्याकडे ४ जीबी व्हीरॅमची जीटीएक्स १६५० असलेले लॅपटॉप भरपूर आहेत. त्यांच्या मालकांना तर गेम सुंदर दिसण्याआधी नीट चालावा म्हणूनच हे सगळं करावं लागतं.

याला वाया गेलेला वेळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लहानपणी दिवाळीत आपण किल्ला करायचो. माती आणायची, चिखल कालवायचा, अळीव पेरायचे. आठवडाभर हात काळे. मावळे मांडून झाले की खरं म्हणजे करण्यासारखं काही उरायचं नाही. तरी 'किल्ल्याशी खेळलास किती?' असं कुणी विचारलं नाही. जुळवणं हाच खेळ असू शकतो. मला स्वतःला एक्सएडिटमध्ये रात्री दोनपर्यंत बसायला आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार दुसऱ्या प्रकारच्या वेळाबद्दल आहे. काल चालत असलेली गोष्ट आज पुन्हा चालू करण्यात जाणारा वेळ. माझे ते चार दिवस नवीन काही करण्यात गेलेच नव्हते. माझ्या नकळत गेम अपडेट झाला होता.

अपडेटने इतकं का बिघडतं? स्कायरिमचे अनेक मोठे मॉड 'एसकेएसई' या टूलवर उभे असतात. गेमची स्क्रिप्टिंग भाषा जे करू देत नाही ते करण्यासाठी हे टूल चालू गेमच्या मेमरीत शिरून ठरावीक पत्त्यांवरचा कोड बदलतं. बेथेस्डाने एक्झी फाइल नव्याने कंपाइल केली की ते पत्ते सरकतात. जुन्या पत्त्यावर पोस्टमन गेला, तर घर दुसऱ्याचंच. यावर उपाय म्हणून मॉडवाल्यांनी 'अॅड्रेस लायब्ररी' काढली, म्हणजे प्रत्येक आवृत्तीतल्या पत्त्यांची डिरेक्टरी. पण नोव्हेंबर २०२१ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये कंपायलरच बदलला, तेव्हा तीही पुरली नाही. कित्येक मॉड पुन्हा लिहावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये विकत घ्यायच्या मॉडसाठी 'क्रिएशन्स' आलं आणि पुन्हा तीच धावपळ झाली.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते 'फॉलआउट: लंडन'चं. फॉलआउट ४ वर उभारलेला, एखाद्या नव्या गेमएवढा हा मोफत मॉड २३ एप्रिल २०२४ ला येणार होता. त्याच महिन्यात फॉलआउटची वेब सिरीज आली आणि बेथेस्डाने फॉलआउट ४ चं मोठं अपडेट जाहीर केलं २५ एप्रिलसाठी. मधे दोन दिवस! टीमला तारीख पुढे ढकलावी लागली आणि मॉड आला २५ जुलैला. तोही जुन्याच आवृत्तीवर चालणारा, म्हणजे स्टीमवाल्यांनी आधी आपला अपडेट झालेला गेम मागे न्यायचा.

कंपनीने गेम अपडेट करू नये, असं कुणी म्हणत नाही. पण या दुरुस्तीचे तास कोण भरतं ते बघा. मॉड लिहिणारे आणि खेळणारे, दोघेही बिनपगारी. बेथेस्डा आणि व्हॉल्व्हने २३ एप्रिल २०१५ ला स्कायरिमचे मॉड विकायला काढले, तेव्हा बनवणाऱ्याच्या हाती २५ टक्के येणार होते. इतका गदारोळ झाला की २७ एप्रिलला ते बंद करावं लागलं. मॉडमधून पैसे कमवायची इच्छा असेल, तर ते टिकवायची जबाबदारी थोडी तरी घ्यायला हवी.

आणि उपाय काही अवघड नाही. पॅराडॉक्स आपल्या स्ट्रॅटेजी गेमच्या जुन्या आवृत्त्या स्टीमच्या 'बीटा' यादीत ठेवतं. हवी ती निवडा आणि खेळा. जीओजीच्या गॅलेक्सी अॅपमध्ये मागच्या आवृत्तीवर जायची सोय आहे. स्टीमवर मात्र अपडेट कायमचं नको म्हणायची साधी सेटिंग नाही. फार तर 'गेम चालू करेन तेव्हाच अपडेट कर' एवढंच सांगता येतं.

'वॅबाजॅक'सारखी टूल्स दुसऱ्याने जुळवलेली शेकडो मॉडची यादी आपोआप बसवतात, आणि मला ती आवडतात. पण नेक्सस मॉड्सचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व नसेल, तर तिथली प्रत्येक फाइल स्वतः क्लिक करून मर्यादित वेगाने उतरवायची. पाचशे फाइली असतील तर अख्खा रविवार गेला.

मी सध्या एवढंच केलंय. गेमचं अख्खं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून ठेवलंय आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरमधूनच चालू करतो, स्टीमच्या 'प्ले' बटणाला हात लावत नाही. तुमच्याकडे चालू असलेली मॉड यादी असेल, तर कॉपी आजच करून ठेवा. पुढचं अपडेट कधी येईल ते आपल्याला कुणी विचारणार नाहीये.