भरपाईची ओळ

रोह्याला दिलेली पेणची मुलगी माहेरी परत येते. नवरा धाटावच्या कंपनीत कामाला. त्याने दुसरी ठेवली आहे हे दोन्ही गावांना ठाऊक. मग बैठक बसते, आणि पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: तू कमावतेस ना? ती पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. एवढ्यावर विषय संपतो. पोटापुरते मिळते, मग मागायचे कशासाठी?

इथेच तिच्यावर अन्याय होतो. पोटगी उपजीविकेसाठी असते. तिथे तिची कमाई विचारात घेतली जाणार, हे मान्य. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 22 आहे. मानसिक छळ आणि भावनिक त्रासाबद्दल नवऱ्याने भरपाई द्यावी, असा आदेश दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतात. तोही खर्चाच्या आणि निवाऱ्याच्या आदेशांशिवाय वेगळा. अर्जाच्या सरकारी नमुन्यात या भरपाईची स्वतंत्र ओळ छापलेली आहे. कमावत्या बाईने ती मागू नये, असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही.

भूक आणि अपमान यांचा हिशेब एकत्र करता येत नाही. बैठकीतले जाणते मात्र तो सर्रास करतात. एक आकडा ठरतो, त्याला पोटगी म्हणतात, आणि त्या आकड्यात तिचे सगळे दुःख मिटले असे धरले जाते.

नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा सिद्ध झाला की रक्कम आपोआप हाती पडते, असे मुळीच नाही. या कायद्यात व्यभिचाराचा दर ठरलेला नाही. दुसरीला घरात आणून बसवले, जाब विचारला म्हणून चारचौघांत पाणउतारा केला, मुलांसमोर हाकलून दिले, हे तिला मांडावे आणि शाबीत करावे लागते. ते कष्टाचे आहे. पण ओळच कोरी सोडली तर न्यायालयासमोर तो प्रश्न येणार कसा?

सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम 497 रद्द केले, तेव्हापासून ‘आता कायद्यात काही राहिलेच नाही’ असे तिला सांगितले जाते. ते कलम होते तेव्हा तरी तिला काय मिळत होते? फिर्यादीचा हक्क होता तो दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला. दुसरी अविवाहित किंवा विधवा असली तर गुन्हाच होत नसे. भरपाईचीही तीच तऱ्हा. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात ती होती, पण फक्त नवऱ्यासाठी, बायकोच्या प्रियकराकडून वसूल करायची. 2001 मध्ये ती तरतूद गेली. फसवल्या गेलेल्या बायकोचे नुकसान या दोन्ही कायद्यांनी मोजलेच नव्हते.

सप्टेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका पत्नीचा, नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या बाईविरुद्धचा भरपाईचा दिवाणी दावा ऐकण्याजोगा मानला. त्याची चर्चा खूप झाली. मला ती वाट आडवळणाची वाटते. शब्द नवऱ्याने दिला होता. मोडला त्यानेच. पैसेही त्यानेच द्यावेत.

आणि हे शक्य आहे. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्नीला मिळालेली 3 कोटींची भरपाई कायम ठेवली. तिथे अनेक वर्षांचा छळ होता, नवरा सधन होता. रोह्यातल्या कामगाराला तो आकडा लागू होणार नाही. पण दरमहाच्या खर्चाहून ती रक्कम वेगळी होती, हे तत्त्व मात्र इथेही लागू आहे.

पेण आणि रोह्याच्या वकिलांनी अर्ज लिहिताना कलम 22 ची मागणी आकड्यासकट घालावी. बाईने ती वाचून मगच सही करावी. अर्जासाठी तिने रोह्याला खेपा घालण्याची गरज नाही. ती सध्या जिथे राहते, तिथल्या न्यायालयात तो चालतो. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. मोफत वकिलासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही.