राजगड, लोणी आणि बेचाळीस अंश

मंडळी, मागच्या अंकात आम्ही खोबरच्या घरामागे कढीपत्ता जगवण्याचे प्रयोग लिहिले होते. त्यावर तीन वाचकांचे फोन आले. तिघांचाही कढीपत्ता मेलेला होता. तेव्हा या खेपेला झाडांच्या वाटेला न जाता केकच्या वाटेला जायचं ठरवलं. केक मेला तरी खाता येतो.

तर त्याचं असं झालं. मे अखेरीस आमच्या कन्येला नऊ वर्षं पूर्ण व्हायची होती. तिनं फेब्रुवारीतच जाहीर केलं, "बाबा, यावर्षी मला कॅसल पार्टी हवी." म्हणजे चिलखत घातलेले नाईट, पत्र्याच्या तलवारी, निमुळत्या टोपीची राजकन्या आणि मधोमध तीन मजली किल्ल्याचा केक. वर्गातल्या एका मुलीची अशी पार्टी नुकतीच हॉटेलात झाली होती. त्या केकची किंमत ऐकून आम्हाला आमचा पहिला पगार आठवला.

आम्ही व्यवसायानं सिव्हिल इंजिनिअर. परदेशात मास्टर्स करताना दोन वर्षं काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडले, त्याची पदवी मिळाली. त्या आत्मविश्वासावर बोलून गेलो, "केक घरीच करू. केक म्हणजे तरी काय, एक ठोकळाच."

"ठोकळा नको, केक करा," सौ. म्हणाली.

एवढा उत्साह येण्याचं खरं कारण वेगळं होतं, ते सांगून टाकतो. कन्येचा हा इथला शेवटचा वाढदिवस होता. २०१७ च्या जुलैपासून इथं कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी सुरू झाली, ती दरवर्षी वाढत २०२० साली ४०० वर गेली. दोन माणसांचे वर्षाचे ९,६०० होतात. ज्यांची कंपनी भरते त्यांचं ठीक. आमची भरत नाही. तिकडे पुण्यात आई एकटी, गुडघ्यांनी बेजार. दोन-तीन वर्षं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत काढली आणि शेवटी ठरलं, की जूनमध्ये मायलेकींनी फायनल एक्झिटवर पुण्याला जायचं आणि आम्ही इथं राहायचं. आपल्या मंडळातली किती घरं अशी अर्धी झाली, ते गणेशोत्सवाच्या पंगतीत मोजता येतं.

त्यामुळे केक आम्हाला करायचाच होता. आणि किल्ला करायचा तर आपला करायचा, हेही मनात पक्कं होतं. लहानपणी वाड्याच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करायचो. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोती, त्यावर चिखल, वर अळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे उभे करायचे. ते हात अजून शिवशिवतात. आम्ही राजगडाचा नकाशा काढून कन्येपुढे ठेवला.

तिनं तो उलटसुलट बघितला. "पण बाबा, हा मिडिव्हल आहे का?"

प्रश्न बरोबर होता. युरोपातलं मध्ययुग साधारण पंधराव्या शतकात संपलं असं मानतात. शिवकाल सतराव्या शतकातला. तरी आपल्या अभ्यासक्रमात तो मध्ययुगीन भारतातच बसतो. म्हणजे नावापुरता राजगड पास झाला. पण दिसायला? तिच्या चित्रातल्या कॅसलला उंच सरळ मनोरे होते. राजगडाला तसलं काही नाही. तिथं डोंगर हाच किल्ला. डोंगरानं जिथं काम अर्धवट सोडलं तिथं तटबंदी घातलेली. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पक्ष्याच्या पंखांसारख्या पसरलेल्या तीन माच्या : उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला लांबलचक संजीवनी. रायगडाआधी महाराजांची राजधानी इथंच होती. १६६६ साली आग्र्याहून सुटून महाराज परतले ते राजगडावर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातही राजगड आहे. हे सगळं आम्ही कन्येला रंगवून सांगितलं. चौथीला 'शिवछत्रपती' वाचून मोठे झालेले आम्ही, आणि तिच्या सीबीएसईच्या चौथीत ते पुस्तक नाही. तेव्हा जरा जास्तच रंगवलं असेल.

ती म्हणाली, "छान आहे. पण हा तुमचा किल्ला आहे. मी तिथं गेलेच नाहीये. माझा किल्ला तारूत."

आम्ही गप्प. तारूत म्हणजे कतीफजवळच्या तारूत बेटावरचा छोटा पडका किल्ला. खोबरहून तासाभराच्या आत जाता येतं. थंडीत तिथं आम्ही कितीदा तरी गेलो असू. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा वावर होता, त्यांच्याशी त्या किल्ल्याचं नाव जोडलेलं आहे. १५५० च्या सुमारास कतीफ उस्मानी तुर्कांकडे गेलं. पण तो ज्या टेकाडावर उभा आहे, तिथली वस्ती हजारो वर्षांची. सौ.चं माहेर वसईचं. पहिल्यांदा तारूतला गेलो तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे आमच्याकडचेच फिरंगी की हो हे!" वसई पोर्तुगीजांना १५३४ साली मिळाली आणि चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतली, मधली दोनशे वर्षं त्यांचीच. तारूतच्या पायथ्याशी बसून सौ.नं लेकीला वसईच्या लढाईची गोष्ट सांगितलेली. लेकीनं त्यातून काय घेतलं, तर तारूत आपला.

खोबरला जन्मलेल्या पोरीचा किल्ला खोबरजवळच असणार, हे आम्हाला कळायला हवं होतं. कळलं, पण वळलं नाही. "या वेळी राजगड करू, तारूत पुढच्या वेळी," आम्ही म्हणालो. पुढची वेळ इथं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती काही बोलली नाही.

नाईटांचा प्रश्न मात्र परस्पर सुटला. तिच्या वर्गातल्या इजिप्तच्या मुलाला आमंत्रण गेलं तेव्हा तो म्हणाला, नाईट कशाला, मी सलाहुद्दीन होणार. बरोबरच आहे. ज्या गोष्टीत आपण नाईटांना हिरो समजतो, त्याच गोष्टीत इकडच्या मुलांचा हिरो समोरच्या बाजूला उभा असतो. त्यावरून सौ.ला कल्पना सुचली. ज्यानं त्यानं आपापल्या गावाकडचा एक किल्ला सांगायचा, चित्र आणलं तर बक्षीस. कैरोचा बालेकिल्ला आला, तो सलाहुद्दीननं ११७६ मध्ये बांधायला घेतलेला. जॉर्डनच्या मुलीचा करक आला. बांधला क्रुसेडवाल्यांनी, ११८८ साली पडला तो सलाहुद्दीनच्याच फौजेपुढे. हैदराबादच्या जुळ्या भावांचा गोवळकोंडा. खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की वर टोकावर ऐकू जाते, हे त्यांनी हॉलमध्ये टाळ्या पिटून पिटून सिद्ध करायचा प्रयत्न केला. कासरगोडच्या मुलीचा समुद्रकाठचा बेकल. मनिलाच्या मुलाचा फोर्ट सँटियागो.

पोशाखही घरचेच. कागदी थाळ्यांना अॅल्युमिनियम फॉइल चढवून ढाली. मुंडाशासाठी इथला लाल चौकडीचा शेमाग इतका झकास बसतो, की मावळ्यांना तो आधी का मिळाला नाही, असं वाटावं.

आता केक. ज्यांना करायचा असेल त्यांनी लिहून घ्या.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. निसर्गानं केलेला लेयर केकच तो. म्हणून बांधकाम सोपं जातं. हलका स्पंज घेऊ नका, वजनाखाली बसतो. एका घाण्याला मैदा, साखर, लोणी प्रत्येकी २५० ग्रॅम, चार अंडी, एक चमचा बेकिंग पावडर. काळ्या कातळासाठी ५० ग्रॅम मैदा कमी करून तेवढा कोको घाला. १७० अंशांवर पन्नास मिनिटं ते तासभर. सुई कोरडी आली पाहिजे. असे चार घाणे केले, म्हणजे चार किलोचा गड. स्वादाला फक्त वेलची. जायफळ आणि खसखस या देशात आणायची नाही, हे नव्या मंडळींनी ध्यानात ठेवावं. अंडं न खाणाऱ्यांसाठी पद्मावती माची कंडेन्स्ड मिल्कची केली आणि तिच्यावर कागदी झेंडी लावली.

कडे केले खजुराचे. अल-अहसाचा खलास खजूर बिया काढून मळायचा, त्यात कोको आणि बिस्किटाचा चुरा. हा लगदा मातीसारखा वळतो आणि उन्हाला दाद देत नाही. हिरवळीला पिस्त्याची पूड. अळिवाची आठवण त्यावर भागवली. तळाला कब्साचं मोठं थोरलं ताट. बालेकिल्ल्याखाली जाड स्ट्रॉ कापून खांब म्हणून उभे केले, म्हणजे वरचा भार खालच्या केकवर न येता थेट ताटावर जातो.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. चूक झाली ती लोण्याच्या लेपात. सौ. म्हणाली होती, "अहो, अर्धं वनस्पती घाला, गरमीत टिकतं." आम्ही म्हणालो, लेकीच्या वाढदिवसाला शुद्ध लोणीच. आता लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, हे इंजिनिअरला माहीत असायला हरकत नव्हती. त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता बाहेर बेचाळीस होते. गाडी उन्हात उभी. स्टिअरिंगला हात लावता येईना. एसी गाडी थंड करेपर्यंत हॉल आला.

मागचं दार उघडलं, तर संजीवनी माची गडापासून सुटून ताटाच्या कडेवरून खाली ओघळलेली. नशीब, खाली फॉइल अंथरलं होतं. लांब निमुळता भाग, आधार एकाच टोकाला, आणि सांध्यात वितळलेलं लोणी. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर आम्हाला पदवी मिळाली नसती. सुवेळाही एका अंगाला कललेली. बालेकिल्ला तेवढा स्ट्रॉच्या खांबांवर शाबूत होता.

सौ.नं आमच्याकडे बघितलं, पण वनस्पतीचा शब्द काढला नाही. हा तिचा मोठेपणा. आम्ही मात्र कन्येकडे बघायचं टाळत होतो. चार महिन्यांची तयारी, पंधरा पाहुणे दारात, आणि हा शेवटचा वाढदिवस.

तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. बोटानं पडलेल्या कड्याचा खजूर चाखला. मग म्हणाली, "बाबा, आता हा थोडा तारूतसारखा दिसतोय."

मग तीच कामाला लागली. पडक्या बाजूला साधी बिस्किटं कुस्करून वाळू केली. सौ.नं सलाडमधल्या कोथिंबिरीच्या काड्या खोवून खजुराची झाडं उभी केली. मुलांना तिनं सांगितलं, की ही बाजू राजगड, बाबांचा. आणि ही बाजू तारूत, माझा. पडलाय तो तसाच असतो. कुणाला काही वावगं वाटलं नाही. कैरोवाल्यानं दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा घेतला. बटाटेवडे केकच्या आधी संपले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघींना दम्मामच्या विमानतळावर सोडून आलो. या सदरात आम्ही 'आम्ही' लिहितो, ते सवयीनं लिहितो. घरात सध्या एकच माणूस आहे. रात्री बर्फ काढायला फ्रीझर उघडला, तर मागे एक डबा निघाला. त्यात ओघळलेल्या संजीवनीचा तुकडा, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून कन्येच्या अक्षरात : 'संजिवनी. बाबा एकट्याने खाऊ नये.' 'जि' ऱ्हस्व काढला होता. फोनवर सगळं बोलणं झालं, त्या 'जि'बद्दल काही बोललो नाही.

डिसेंबरात रजा आहे. गुंजवण्याच्या वाटेनं तिघांनी राजगड चढायचा, असं ठरलंय. मग तो तिचाही होईल, न झाला तरी पाय दुखतीलच. डबा अजून फ्रीझरमध्येच आहे. इथं कुणी सुट्टीला पुण्याला निघालं असेल आणि बर्फाच्या डब्यातून एवढी माची नेणं शक्य असेल, तर आम्हाला जरूर कळवावं. आणि हो, लेपात अर्धं वनस्पती घाला.