चाकांवरचे घर

उर्दूतील 'खानाबदोश' हा शब्द तुम्हांला माहीत आहे. ज्याचे घर खांद्यावर, तो खानाबदोश. अमेरिकेत काही लोकांचे घर चाकांवर असते. एखादे पतिपत्नी आपले राहते घर विकतात, पंचवीस-तीस फूट लांबीची मोटार घेतात आणि बारा महिने तीतच राहतात. आत बिछाना, शेगडी, लहानसे न्हाणीघर असे सारे काही असते. तिकडे या गाडीला 'आर. व्ही.' म्हणतात, आपण मोटारघर म्हणू. उन्हाळा आला की अशी कितीतरी मोटारघरे रॉकी पर्वताच्या वाटेला लागतात.

कोणीही म्हणेल, "काय मजा आहे!" मजा आहेच. सकाळी दार उघडावे, तो समोर बर्फाची शिखरे! पण मला या जीवनात मौजेपेक्षा हिशेब अधिक दिसतो, आणि त्या हिशेबामुळेच मला त्याचे मोल वाटते.

पाण्याचेच पाहा. गाडीच्या टाकीत बहुधा दीड-दोनशे लिटर पाणी मावते. रानात नळ नसतो. तेवढे पाणी दोघांनी आठवडाभर पुरवायचे, म्हणजे भांडी घासताना आणि अंघोळ करताना हात आखडावाच लागतो. वापरलेले पाणीही वाटेल तेथे ओतता येत नाही. सांडपाणी एका टाकीत आणि शौचालयातील मैला दुसऱ्या टाकीत साठतो. टाक्या भरल्या की ठरलेल्या ठिकाणी जायचे, स्वतः नळी जोडायची आणि त्या रिकाम्या करायच्या. आपण घरी पाणी ओततो आणि विसरून जातो. येथे विसरण्याची सोय नाही.

डोंगरातला रस्ता तर चालकाची परीक्षाच पाहतो. कोलोरॅडो राज्यातील ट्रेल रिज हा रस्ता १२,१८३ फूट उंचीवर जातो. बर्फामुळे तो वर्षातील सुमारे सात महिने बंद असतो. चढताना विरळ हवेत इंजिनाची शक्ती कमी होते. उतरताना भीती ब्रेकची! जड गाडीचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरायचे. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात 'गोइंग टू द सन' नावाचा रस्ता आहे. त्याच्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाईच आहे. ज्याचे घर मोठे, त्याला ते खाली ठेवूनच वर जावे लागते.

दोघांचा स्वभावही येथे कसाला लागतो. भांडण झाले तर रुसून बसायला दुसरी खोली नाही. बाहेर जावे तर अस्वलाची भीती!

सरकारी जंगलांत पुष्कळ ठिकाणी फुकट राहता येते, पण बहुधा १४ दिवसच. मग मुक्काम हलवायचा. जाताना आपला कचरा बरोबर न्यायचा. अन्न उघड्यावर ठेवायचे नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुष्कळदा शेवटी गोळीला बळी पडते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हौसेने निघालेल्या जोडप्यांची चित्रे रंगीत मासिकांत झळकतात. पण २००८ सालच्या मंदीनंतर अमेरिकेतील अनेक वयस्क माणसे घरखर्च परवडेना म्हणून गाडीत राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकिकत लिहिली. उन्हाळ्यात मुक्कामाच्या तळांवरील शौचालये साफ करायची, पुढे सणासुदीच्या दिवसांत मोठ्या गोदामांत राबायचे, असा त्यांतील अनेकांचा क्रम. पाणी तेही मोजतात, घाट तेही उतरतात. तरी पहिल्यांना लोक धाडसी म्हणतात आणि दुसऱ्यांना बेघर. कित्येक शहरांत तर रस्त्याकडेला गाडीत झोपायलाही बंदी आहे. हा भेद मला मान्य नाही. कष्ट आणि शिस्त दोघांची सारखीच, किंबहुना दुसऱ्यांची अधिक. हौशी जोडपे कंटाळले तर पुन्हा घर घेईल. तळावरचे काम करणाऱ्याला मात्र हंगाम संपला की पुढच्या कामाच्या शोधात गाडी हलवावीच लागते.