अनुक्रमणिका शेवटी लिहावी

प्रकल्पाच्या वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे त्यांतील सर्वांत सुरेख पान बहुधा पहिलेच असते. रंगीत शाईची चौकट, मध्ये ‘अनुक्रमणिका’ हे टपोरे शीर्षक, आणि खाली ओळीने प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, माहिती, निष्कर्ष, संदर्भ. विषय खाजन शेतीचा असो, मराठी नाटकाचा असो की पर्जन्यमापनाचा, ही सहा नावे ढळत नाहीत. माझ्या मते ही अनुक्रमणिका नव्हे. हा नुसता साचा होय, आणि तो तयार स्वरूपात मुलांच्या हाती देण्याची प्रथा बंद व्हावी.

अनुक्रमणिका ही आपल्याकडे काही नवी वस्तू नाही. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या सूक्तासूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता व छंद नोंदलेले आहेत. महाभारताच्या आदिपर्वातील पहिल्या उपपर्वाचे नावच अनुक्रमणिकापर्व. तिकडे रोममध्ये प्लिनीने आपला 37 खंडांचा निसर्गविषयक ग्रंथ इ. स. 77 च्या सुमारास टायटसला अर्पण केला, तेव्हा पुढील 36 खंडांत काय कोठे आहे याची यादी पहिल्या खंडात घातली. कामाच्या माणसाला सारा ग्रंथ वाचावा लागू नये, हवे तेवढेच सापडावे, हा त्याचा हेतू होता. आणि दासबोध तर घरोघरी आहे. त्याचे 20 दशक व 200 समास. त्यांत ‘मूर्खलक्षण’ निराळे, ‘पढतमूर्खलक्षण’ निराळे. नाव वाचताच आत काय आहे ते उमगते. त्या समासांना ‘माहिती, भाग 1’, ‘माहिती, भाग 2’ अशी नावे असती, तर हवा तो समास शोधता शोधता श्रोते उठून गेले असते!

खाजन शेतीचेच उदाहरण घेऊ. या विषयावर लिहिणाऱ्या मुलाने पुढील नावे योजली असे समजा : ‘भरतीच्या पातळीखालची जमीन’, ‘मातीचा बांध’, ‘भरतीला मिटणारी मानस’, ‘कोरगुट भात आणि मासळी’, ‘बांधाची राखण : गांवकारी ते कूळसंघ’. मानस म्हणजे बांधातील दार; भरतीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते व ओहोटीला उघडते. (हा शब्द आमच्या कोंकणीचा. त्याच्या जागी ‘जलनियंत्रक द्वार’ असे लिहून विद्वत्ता वाढत नाही.) ही पाच नावे वाचणाऱ्याला निम्मा विषय तेथेच कळतो. त्याहून मोठा लाभ लिहिणाऱ्याचा. पाचवे नाव लिहिताच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : पूर्वी गांवकारी बांध राखीत असे, 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले, मग आमच्या गावचा बांध फुटला तर आज तो कोण बांधतो? हे विचारावयास त्याला शेतावर जावे लागेल. ‘माहिती’ या नावाखाली मात्र काहीही उतरवून काढता येते, आणि कोणाला काही विचारावे लागत नाही.

असली नावे लेखन संपल्यावाचून सुचत नाहीत, म्हणून अनुक्रमणिका पहिल्या पानावर असली तरी शेवटी लिहावयाची. आरंभी हवा तो आराखडा. तो लेखकासाठी असतो, कच्च्या कागदावर असतो आणि दहा वेळा खोडला तरी चालतो. अनुक्रमणिका वाचकासाठी असते.

तिच्या मांडणीविषयी थोडे. प्रकरणाचे नाव आतील पानावर असेल तसेच, अक्षरही न बदलता, येथे यावे. पोटविभाग किंचित आत सरकवून 1.1, 1.2 असे द्यावेत. दोन पायऱ्या शाळेला पुष्कळ झाल्या, प्रबंधालाही तीनहून अधिक क्वचितच लागतात. पृष्ठांक उजवीकडे एका रेषेत हवेत. आकडे देवनागरी की इंग्रजी हे एकदा ठरवावे आणि मग सरमिसळ करू नये. पाच-सात पानांच्या निबंधाला अनुक्रमणिका नसली तरी काही बिघडत नाही.

संगणकावर लिहिणाऱ्यांनी ठिपके हाताने टंकीत बसू नये. प्रत्येक शीर्षकाला ‘हेडिंग’ची शैली दिली की यंत्र यादी स्वतःच बनवते. परंतु नंतर मजकुरात भर घातली आणि यादी अद्ययावत करण्याची आज्ञा दिली नाही, तर तेथे जुनेच पृष्ठांक राहतात. यंत्राला त्याची लाज वाटत नाही. म्हणून छापून झाल्यावर वही एखाद्या मित्राच्या हाती द्यावी. त्याने यादीतील कोणतेही एक नाव निवडावे, त्यापुढील आकडा पाहून ते पान उघडावे. तेथे तेच प्रकरण त्याच नावाने भेटले, तर वही बांधावयास द्यावी.